बाकाचं दुसरं टोक

"हनुवटी वर घे, केहिंदे. झोपलीस की काय बसल्या बसल्या!" कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखालून ओयेवोलेकाका ओरडले.

केहिंदे बाकाच्या डाव्या टोकाला बसली होती. सकाळपासून बाजारात कापडाचे तागे उचलून तिच्या कमरेचा पार भुगा झाला होता. काकांनी अर्धं भिंग पुठ्ठ्यानं झाकलं आणि तिचा फोटो घेतला. आता त्याच फोटोच्या उरलेल्या अर्ध्यात ताइवो यायचा होता, तिचा जुळा भाऊ. तो दोन वर्षांचा असतानाच गेला. फोटोत मात्र दरवर्षी तिच्याबरोबर वाढत राहिला. यंदा त्याचेही केस पिकले होते.

पडद्याआड जाऊन तिनं भावाच्या नावानं शिवलेला पुरुषी अंगरखा चढवला, टोपी घातली.

"काका, हे शेवटचं हं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "या कपड्यांत माझी मीच मला सापडत नाही. पुढच्या वर्षी मी ताइवो होणार नाही, आज आईला सांगूनच टाकते."

"गेल्या वर्षीही हेच म्हणाली होतीस."

"आज सांगते."

"सांग बाई, सांग. माझेही हात थरथरतात आता."

आई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होती. येताना वाटभर ती केहिंदेवर करवादली होती. जुळ्यांच्या नैवेद्याच्या घुगऱ्यांत पामतेल कमी पडलं, चालताना मला नुसती फरफटत नेतेस, थोरलीला एवढंही कळू नये?

केहिंदे बाकाच्या उजव्या टोकाला जाऊन बसली. गुडघे फाकवले, त्यांवर हात ठेवले. मग मान वळवून म्हणाली, "आई, जरा ऐकतेस का?"

आई उठली. काठी टेकत बाकापाशी आली. तिनं टोपी सरळ केली आणि गालावरून हात फिरवला. असा हात आपल्या गालावर कधी फिरल्याचं केहिंदेला आठवेना.

"किती वाळलास रे! थकलास होय, माझ्या राजा?"

केहिंदेनं गाल त्या हातावर टेकवला. सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

"थकलो गं आई," ती म्हणाली. "फार थकलो."

"मग तू नको काही करूस. बस नुसता." आईनं अंगरख्याची चुणी नीट केली. "केहिंदे आहे की करायला. ती कधी थकत नाही."