दहा ते दोन

माणसाला आयुष्यात शेवटी विश्वास तेवढा लागतो, असं रुचाचं ठाम मत होतं. ऊर्मी आठ महिन्यांची होईतो ते बदललं. माणसाला झोप लागते. विश्वास असला तर बरं.

"दहा ते दोन," समोरची बाई सोफ्याच्या कडेवर टेकत म्हणाली. "लेंकरास पाहीन. वरकाम थोडें करीन. स्वैंपाक नको."

नाव देविका. साठीची, कडक इस्त्रीची सुती साडी. तमिळ मुलखात, मैलापुरात, मराठी बोलणारी बाई मिळेल अशी आशा रुचाने केव्हाच सोडली होती.

"तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"तंजावरचे. इकडे येऊन साडेतीनशे वर्षें जालीं."

रुचाला पिंपरीहून येऊन तीनच वर्षं झाली होती, आणि ती तेवढ्यातच दमली होती.

"आधी कुणाकडे काम केलंय?"

"नाही."

ऊर्मी रडायला लागली. देविकाने उठून तिला खांद्यावर घेतलं. रडं थांबलं. मुलाखत संपली.

रुचाची बाळंतपणाची रजाही संपली होती. कंपनीने सध्या सकाळचे चार तास घरून काम करायची मुभा दिली होती. गुरुवारी साडेदहाला तिने नव्या गाडीच्या दाराचं डिझाइन कोरियन साहेबांना समजावून सांगायचं होतं. नाहीतर प्रोजेक्ट राजगोपालकडे जाणार होता. तो वाटच बघत होता.

पुढचे दिवस कुणीतरी उशीत भरून दिल्यासारखे मऊ गेले. खिडकीतून खारा वारा यायचा. आतल्या खोलीत देविका ऊर्मीला हत्तीची गोष्ट सांगायची. हत्ती कावेरीत उतरायचा आणि दोन वाजेपर्यंत बाहेर यायचा नाही. ती जुनी, हेल काढत चालणारी मराठी ऐकता ऐकता रुचाच्या पडद्यावरची दारं हळूहळू पाण्याला लागायची. एकदा तर चारही दारं वल्ह्यांसारखी हलताना दिसली. तरी काम होत होतं. चांगलं होत होतं.

वरकामाचं मात्र कठीण होतं. देविका केरसुणी वीणेसारखी धरायची. कचरा या खोलीतून त्या खोलीत हवापालटाला जायचा.

"यांना झाडता येत नाही," आशिष म्हणाला.

"तुला येतं?" रुचाने नवऱ्याला विचारलं. विषय मिटला.

परदेशी बाबागाडी मिटायला आशिषला तीन दिवस आणि एक व्हिडिओ लागला होता. देविकाने ती पायाच्या एका ठोक्यात मिटली.

"एवढं काय बोलत असता हो तिच्याशी?" रुचाने एकदा विचारलं.

"ऐकते ती," देविका म्हणाली. "कोणी ऐकलें तर बोलावेंसें वाटतें."

बुधवारी दोन वाजता देविकाने चपला घातल्या.

"उद्या दहाला पाच कमी असताना याल?" रुचा म्हणाली. "मीटिंग आहे. तुमच्याच भरवशावर आहे सगळं."

"उद्या यावयाचें जमणार नाही, मुली."

रुचाने दाराची चौकट धरली. "बरं वाटत नाही का?"

"मला काय धाड भरली आहे." देविकाने पदर सारखा केला. "आमच्या घरची आया उद्या रजेवर. नातवास पाहायला दुसरें कोणी मिळेना, म्हणून सुनेनें मला विचारलें."