घरटी एक चिठ्ठी

"काय लिहायचं ते आठवतंय ना?" अहमदने बूट चढवत पुन्हा विचारलं.

"एवढी काय मी वेडी आहे?" जहांआरा त्याचा डबा भरत होती. "निघा तुम्ही, बस चुकेल."

रविवार असून त्याला रास अल खैमाच्या टाइल्स कारखान्यात ड्यूटी लागली होती, आणि नेमकी आजच जमातीची मीटिंग. रत्नागिरीकडच्या त्यांच्या गावातली शाळा मोडकळीला आली होती. नवी बांधायला कर्ज काढायचं की नाही, हे अमिरातीतली गावची घरं मतदानाने ठरवणार होती. घरटी एक चिठ्ठी, घरातल्या कुणीही टाकावी. हप्ता महिन्याला शंभर दिरहम, म्हणजे चोवीसशे रुपये. त्याचं अहमदला काही नव्हतं.

दुखणं वेगळंच होतं. दुबईचा एक व्यापारी बिनव्याजी पैसे द्यायला तयार होता, पण जामीन अहमदभाईच हवेत आणि कर्ज फिटेपर्यंत त्यांनी इथून हलायचं नाही. म्हणजे आणखी सहा वर्षं! सत्तावीस वर्षं भट्टीपुढे उभं राहून माणसाचे गुडघे गेले, आता तरी सोडा की त्याला. पण लोकांच्या तोंडावर नाही म्हणणं अहमदला जन्मात जमलं नव्हतं. त्यापेक्षा ठरावच पडलेला बरा.

म्हणून महिनाभर तो गावकऱ्यांकडे चहाला जात होता. उघड काही बोलायचा नाही. "महागाई केवढी झालीय," एवढंच. जहांआरा सोबत असायची, आत बायकांत बसायची.

"काय म्हणतायत?" परतताना तो विचारायचा.

"माझं ऐकतील, इन्शाल्ला."

दाराशी यम्ना, त्यांची मुलगी, म्हणाली, "अब्बा, यू लुक सो टायर्ड."

"दमलोय गो. खलास झालोय. आता गावी आईच्या ओटीवर जाऊन नुसता झोपणार आहे."

जहांआराने डबा त्याच्या हातात दिला.

संध्याकाळी तो परतला तेव्हा ती मीटिंगहून येऊन स्वयंपाकाला लागली होती. तेवढ्यात कमिटीच्या हम्मादचा फोन आला. "मुबारक, अहमदभाई! ठराव पास! अवघ्या एका मताने!"

"मुबारक," अहमद म्हणाला आणि फोन ठेवून मटकन खाली बसला. त्याला रडूच आलं. सहा वर्षं. या अल्ला, कसं व्हायचं?

जहांआरा गॅस बंद करून बाहेर आली.

"एका मताने गेलं गो सगळं," तो म्हणाला. "एक घर फिरलं असतं तर सुटलो असतो. कोण असेल?"

ती त्याच्या शेजारी बसली. त्याचा हात तिने आपल्या हातात घेतला.

"मी," ती म्हणाली. "बारा वर्षं गावात मी तुमच्या आईची सून होते. तुमची बायको मी इथं आल्यावर झाले."