ओट्यावर कुटायचं नाही

“ओटा फोडायचाच असेल तर मी मेल्यावर फोडा,” आई म्हणाली.

गवंडी छिन्नी घेऊन खाली उभा होता. त्याने तिच्या पाणबुड्या मुलाकडे बघितलं, पाणबुड्याने बायकोकडे, आणि बायको चहा ठेवायला आत निघून गेली.

दारापुढचा तो ओटा कमरेएवढा उंच. दगड आणायची ऐपत नव्हती त्या दिवसांत बापाने मिळेल ते भरून एकट्याने बांधलेला. गुडघे गेल्यापासून आई चाकाच्या खुर्चीत होती आणि तिला दवाखान्यात न्यायचं म्हणजे दोघांनी खुर्ची धरून खाली उतरवायची. मागच्या खेपेला हात सुटला आणि आईचं मनगट मोडलं. तेव्हाच ठरलं, एक बाजू फोडून उतार करायचा.

“आई, तुझ्यासाठीच चाललंय ना हे?”

“तुझ्या बापाचा जीव आहे त्यात. ओट्यावर काही कुटायचं नाही, हेच त्याचं शेवटपर्यंत चालू होतं.”

ते खरं होतं. लहानपणी त्याने ओट्यावर बदाम फोडला म्हणून बापाने थोबाडीत दिली होती. एरवी बाप हात उचलणारा नव्हता. स्वतःच्या हाताने बांधलेलं घर, माया असायचीच, असं सगळे म्हणायचे.

“बाप गेला, आता ओटाही जाऊ दे,” तो म्हणाला. त्याला वाद घालायचा कंटाळा आला होता. खरं तर त्याला सगळ्याचाच कंटाळा आला होता.

आई दारातून हलायला तयार नव्हती. खुर्ची घसरू नये म्हणून त्याने ती दोराने दाराच्या कडीला बांधली. दोन वेढे, शेपूट उलटं आत. ही बापाची गाठ. बंदरात दुसऱ्या कुणाला ती येत नसे.

बंदराच्या तोंडाशी लढाईतलं एक जहाज बुडालेलं होतं. त्याच्या मागच्या कोठारात लांबट, टोकदार तोफगोळे, म्हणून भोवती लाल पिंपं तरंगत ठेवलेली. दरवर्षी त्याने खाली जायचं, पत्रा किती गंजलाय ते बघायचं आणि वर येऊन सांगायचं. नियम एकच, बघायचं, हात लावायचा नाही. पाण्यात पडून गोळ्यातली दारू मरत नाही. उलट म्हाताऱ्या माणसासारखी चिडकी होते, एक टोला पुरतो. त्यामुळे कोठाराचं झाकण कुणी कधी उघडलंच नव्हतं. त्या झाकणाची राखण करता करता त्याचा एक कान गेला, कंबर गेली, आणि उमेद तर कधीच गेली होती.

यंदाची पाहणी नेमकी आजच होती, म्हणून गवंड्याला कामाला लावून तो नावेतून तिथे आला. “मामा, आधी जहाज गळतंय की तुम्ही, तेच बघायचं आता,” नावाडी म्हणाला.

“माझ्यावर पैज लाव,” असं म्हणून त्याने पाण्यात उडी घेतली.

खाली कोठाराच्या कुशीचा पत्रा गळून पडला होता. माणूस आत जाईल एवढं भगदाड. त्याने लांबूनच आत बॅटरी मारली. गोळे ठेवायच्या लोखंडी मांडण्या रिकाम्या होत्या. एकही गोळा नाही. गाळ, दोन मासे, आणि झाकणाच्या आतल्या कडीला लोंबणारा, शेवाळाने माखलेला नायलॉनचा दोर. त्याने बॅटरी जवळ नेली. दोन वेढे, शेपूट उलटं आत.

तो तसाच तरंगत राहिला. बाप बुड्या मारून भंगार काढायचा हे सगळ्यांनाच माहीत होतं. म्हणजे राखण बसायच्या आधीच म्हाताऱ्याने कोठार झाडून नेलं होतं आणि भंगारात घातलं होतं. पोरगा मात्र जन्मभर रिकाम्या घराला पहारा देत बसला. चीड यायला हवी होती, पण त्याला हसू आलं. आणि खूप वर्षांनी हलकं वाटलं.

नावेत चढल्यावर त्याने अंगावरचं ओझं उतरवलं आणि बायकोला फोन लावला.

“संपलं एकदाचं. खाली काहीच नाही. आता मी घरी बसायला मोकळा.”

“बरं झालं. लवकर या मग. आई अजून दारातच आहेत, किती सांगितलं तरी गाठ सोडू देत नाहीत. आणि तो गवंडी पार वैतागलाय.”

“का? काय झालं?”

“गिलावा निघाला, पण आत दगड नाहीतच. लोखंडाची नळकांडी आहेत, आडवी, एकावर एक रचलेली. सगळी एका मापाची, टोकाला निमुळती. छिन्नी काही चालेना, म्हणून शेजारून घण आणलाय त्याने.”

“थांबव त्याला!” तो ओरडला, पण घणाच्या आवाजात तिला ते ऐकू गेलं नाही.

“घंटेसारखं वाजतंय अगदी. थांबा, ऐकवते,” ती म्हणाली आणि तिने फोन ओट्याकडे धरला.