अकरा अँगस्ट्रॉम

शलाकाने तिसऱ्यांदा मोजलं, तरी पडद्यावरचा आकडा अकराच होता. एका प्रथिनातली दोन अमिनो आम्लं एकमेकांना टेकलेली असतात, असं तिच्या गाइड बेहेरेमॅडमनी वीस वर्षांपूर्वी मांडलं होतं. टेकायची तर त्यांच्यात चार अँगस्ट्रॉमहून जास्त अंतर चालत नाही. प्रथिनाच्या नंतर मिळालेल्या, अधिक स्पष्ट रचनेत ती एकमेकांच्या जवळपासही नव्हती. त्या स्पर्शावर मॅडमचं नाव झालं होतं, पाच जणांनी पीएचडी मिळवली होती. सहावी शलाका होती.

लॅपटॉप उचलून ती मॅडमच्या खोलीत गेली. "मॅडम, माझंच काहीतरी चुकतंय. एकदा बघता का?"

मॅडमनी आकडा पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. "तुझं बरोबर आहे. बारा वर्षांपूर्वी मीही मोजलं होतं. अकराच आलं होतं."

शलाका समोरच्या खुर्चीत बसली. "आणि तरी मला हाच विषय दिलात?"

"तू नीट मोजशील, म्हणूनच दिला. माझी बोलायची हिंमत होत नव्हती."

शलाकाला संताप आला, रडूही आलं. पण तिथेच बसून ती तो शोध छापणाऱ्या संशोधनपत्रिकेच्या संपादकांना मॅडमच्या नावाने पत्र लिहू लागली. मॅडमची अब्रू राहावी म्हणून तिने लिहिलं, 'ही चूक नजरचुकीने राहून गेली.'

मॅडमनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला, ते वाक्य खोडलं आणि तिथे टाइप केलं, 'मला ठाऊक होतं.'