घरातून होकार

खांबाला लावलेल्या शिडीवर उभं राहून केबलवाल्यानं नवी वायर आधी स्वतःच्या घराला जोडली. बाकीची गल्ली अजून जुन्या वायरीवरच टीव्ही बघत होती.

समोरच्या खिडकीतून एका बाईनं डोकं बाहेर काढलं.

“अहो, जाणार नाही ना? सासूबाई मालिका बघताहेत. टीव्ही गेला तर माझ्याकडे बघत बसतील.”

“नाही जाणार, वहिनी.”

खाली त्याचा मेव्हणा शिडी धरून उभा होता. “दाजी, सिग्नलचा मीटर काय म्हणतो?”

“हिरवा आहे.”

“मग घ्या की सगळी घरं नवीवर. जुनी कापून टाकू.”

“घरातून सांगू दे.”

बोलता बोलता त्यानं खिशातून फोन काढून नंबर लावलाही होता. दरवेळी तो तसंच करायचा. आधी आपल्या घरी चित्र बघायचं, घरातून होकार आला की बाकीची घरं नव्या वायरीवर घ्यायची, मगच जुनी कापायची. म्हणून तर या गल्लीत कधी कुणाचा टीव्ही बंद पडला नव्हता. बायको टीव्हीसमोर बसून असायची. चित्र नीट आलं की फोन उचलून म्हणायची, “नाक नाकाच्या जागी आहे. कापा.”

पलीकडे त्याच्याच घराच्या उघड्या खिडकीतून तिच्या मोबाईलची रिंग ऐकू येऊ लागली. ती गेल्यावरही मोबाईल चार्जिंगला लावायचं त्यानं सोडलं नव्हतं.

मेव्हण्यानं मान खाली घातली. त्याची ती ताई होती.

रिंग वाजून वाजून थांबली. केबलवाला शिडीवरून उतरला.

“मी बघून येतो. तू वर जा.”

घरात येऊन त्यानं टीव्ही लावला. बातम्या लावल्या. चित्र तपासायला ती बातम्याच लावायची. बातम्या देणारी बाई जागची हलत नाही, तिच्यावर नजर ठरते, असं तिचं म्हणणं. तिची खुर्ची रिकामी होती. तो बसला नाही, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मागं उभा राहिला. बातम्या देणारी बाई लख्ख दिसत होती. कानातल्या कुड्यांचे खडेसुद्धा मोजता आले असते.

तो खिडकीशी आला. मेव्हणा शिडीवर चढला होता, हातात कटर धरून त्याच्याकडे बघत होता.

“आलं का, दाजी?”

समोरच्या घरातून मालिकेतलं भांडण ऐकू येत होतं.

मेव्हण्यानं जरा थांबून पुन्हा विचारलं, “नाक नाकाच्या जागी आहे का?”

केबलवाल्यानं मागं वळून पडद्याकडे पाहिलं. मग खुर्चीकडे.

“नाही रे. अजून नाही.”

मेव्हण्यानं खांबावरच्या पेटीत लावलेल्या मीटरकडे बघितलं. दिवा हिरवाच होता. त्यानं कटर मिटून खिशात घातला आणि तो शिडीच्या पायरीवर टेकला.

“असू दे, दाजी. जुनी चालू आहे.”