शहाजीचा राजवाडा

“तुझी खोली यातली कुठली?” तंजावूरच्या राजवाड्याच्या खिडक्यांकडे बोट दाखवत अखिलानं विचारलं. मागून येणाऱ्या चारही मैत्रिणींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारलं.

शहाजीची खोली राजवाड्यामागच्या गल्लीत होती, पत्र्याखाली. त्या खोलीत आईचं शिलाई मशीनही होतं आणि आईही.

चूक तरंगम्बाडीत झाली होती. बारावीची परीक्षा आटोपून तो आत्याकडे समुद्रकाठी गेला आणि तिसऱ्याच संध्याकाळी वाळूत बसून आत्याच्या शेजारच्या अखिलाबरोबर एकाच पुडीतलं हरभऱ्याचं सुंडल खाऊ लागला. “शहाजी? हे कसलं नाव?” तिनं विचारलं. “आम्ही तंजावूरचे मराठी.” “म्हणजे राजाच्या घरातले?”

तंजावूरच्या मराठी माणसाला हा प्रश्न जन्मात शंभरदा ऐकावा लागतो. ‘नाही’ असं ठणकावून सांगणारा मात्र अजून जन्माला यायचाय. बाकीचे करतात तेच शहाजीनं केलं. किंचित हसला आणि समुद्राकडे बघत राहिला. समुद्रानंही काही खुलासा केला नाही.

पुढच्या आठवड्यात तो राजकुमार झाला. त्याच्या पुढच्या आठवड्यात दारात हत्ती झुलू लागला. सतराव्या वर्षी प्रेमात पडलेला मुलगा हात आखडता थोडाच घेणार! बावीस दिवस असे गेले. आणि आता अखिला मैत्रिणींना घेऊन, सकाळची बस पकडून, हत्ती बघायला हजर झाली होती.

शहाजीचे अप्पा, म्हणजे वडील, राजवाड्याच्या दारावर कामाला होते; त्यानं त्यांच्या सुट्टीचाच दिवस निवडला होता. पण अप्पांच्या जागी येणाऱ्या माणसाला नेमका ताप भरला. त्यामुळे दारात स्टूल टाकून, खाकी शर्ट घालून, अप्पा स्वतः तिकिटं तपासत बसले होते.

“राजकुमार असशील तर काहीतरी दाखव की,” एक मैत्रीण म्हणाली. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, म्हणतात तशी वेळ आली. बाप दाखवणं तर फारच सोपं होतं. तो चार पावलांवर बसला होता.

“शाजी! हिकडं कसाला आलास रे? जेवलास का?” अप्पांनी मराठीत विचारलं.

‘मला ओळख देऊ नका’, एवढं वाक्य शहाजीच्या ओठांवर आलं. मराठीत म्हटलं असतं तर एकाही मुलीला कळलं नसतं. पण नुसतं त्याला बघून अप्पांचा चेहरा फुलला होता. आणि अखिला त्याला मनापासून आवडत होती. आता तिच्यापाशी खोटं बोलायची त्याला लाज वाटली. जाईल तर जाऊ दे, त्यानं ठरवलं. डोळे भरून आले तरी त्यानं मान वर केली.

“हे माझे अप्पा,” तो सगळ्यांना कळेल अशा तमिळमध्ये म्हणाला.

अखिला लगेच हसली. “बघितलंत? दारावरच्या माणसालासुद्धा अप्पा म्हणतात. घराणं असावं तर असं!”

एकीनं “अय्यो, किती साधा!” म्हणत फोन काढला. दुसरीनं अप्पांना हात जोडले. तेवढ्यात अखिला शहाजीच्या कानाशी लागली.

“गप्प बस ना. तुझे अप्पा कोण, ते तुझ्या आत्यानं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. पण माझा राजकुमार दाखवते म्हणून मी यांना इथवर आणलंय. संध्याकाळपर्यंत राजा राहिलास तर तुझं काय जातंय?”

इतके दिवस जिच्यामुळे शहाजीला झोप नव्हती, तिची झोप छान चालली होती.

अप्पांचे कान तिखट होते आणि तमिळ तर जन्माचं. सगळा प्रकार त्यांच्या ध्यानात आला. पोराची अब्रू राहावी म्हणून ते स्टुलावरून उठले, कमरेत वाकले, आणि त्यांचा हात सलामासाठी कपाळाकडे निघाला.

शहाजीनं तो हात वाटेतच धरला. अप्पांना पुन्हा स्टुलावर बसवलं. स्वतः त्यांच्या शेजारी उभा राहिला आणि अखिलापुढे हात पसरून म्हणाला,

“तिकीट.”