पहिल्या बेसवरचे बारा

पहिल्या बेसवरच्या खेळाडूंच्या यादीत मूस गँबेटाचं नाव बाराव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर लिहिताना कॅझिमिर वोयटालानं नाक मुरडलं.

एकशे तीस किलोचा हा गडी पहिल्या बेसवर उभ्याउभ्या सूर्यफुलाच्या बिया चघळायचा आणि टरफलं स्वतःच्याच बुटांवर थुंकायचा. चेंडू आला की आधी पोट वाकायचं, माणूस मागाहून. असल्याला फाटकातून आत सोडतात कसे, हेच कॅझिमिरला कळत नसे.

पहिल्या क्रमांकावर मात्र डॅरेल हुकस्ट्रा. शर्ट खोचलेला, दाढी गुळगुळीत. लांब पाय पसरून असा झेल टिपायचा की बघणाऱ्यानं टोपी काढावी.

टोलीडोच्या त्या चर्चमध्ये उपासाच्या शुक्रवारी मासे तळणाऱ्या बारा पेन्शनरांचं हे वेड. मार्चमध्ये प्रत्येकानं खऱ्याखुऱ्या बेसबॉल खेळाडूंतून, मैदानावरच्या एकेका जागेची फेरी घेत, आपला कागदी संघ निवडायचा. मग सप्टेंबरअखेरपर्यंत ते खेळाडू मैदानावर जेवढी फटकेबाजी करतील, तेवढे गुण कागदावरच्या मालकाला. झेलांना गुण नव्हते. "माणूस झेलावरून ओळखावा," असं कॅझिमिर म्हणे, आणि बाकीचे अकरा जण मोठ्या गांभीर्यानं माना डोलवत.

नियम कडक होते. निवडीत विजेत्याची पाळी पहिली, तळाला राहिलेल्याची शेवटची. सलग तीन वर्षं तळाला राहणाऱ्याची खुर्ची दुसऱ्याला. कॅझिमिर सलग दोनदा तळाला होता. बायको गेल्यापासून अख्ख्या आठवड्यात त्याची वाट बघणारी ती एकच खुर्ची उरली होती.

गेल्या वर्षी शेवटची पाळी असूनही त्याचा पहिल्या क्रमांकाचा माणूस त्याच्यासाठी शिल्लक राहिला होता. बाकीच्यांच्या आंधळेपणाची तेव्हा त्याला कीवच आली होती.

"काझ, माझ्या गाडीतून पिठाची पिशवी आणतोस का?" लेनर्डनं कढईवरून हाक मारली. "माझी कंबर धरलीय."

लेनर्ड प्रस हा त्याचा मेहुणा. गेल्या वर्षीचा विजेता. गिऱ्हाइकाच्या ताटात मासा वाढून तीच बोटं चाटायचा आणि पुढचा मासा उचलायचा.

गाडीत पिठाच्या पिशवीखाली एक फाइल होती. फाइलमध्ये कॅझिमिरच्या याद्या होत्या. त्याच्याच अक्षरात, मागच्या अकरा वर्षांच्या, प्रत्येकीच्या अकरा-अकरा झेरॉक्स. यंदाची तेवढी अजून नव्हती.

कॅझिमिर पीठ हातात घेऊन तसाच उभा राहिला. दर शुक्रवारी काम संपलं की तो एप्रन खुंटीला लावून हात धुवायला जायचा. यादी एप्रनच्या खिशात असायची. समोरच चर्चचं ऑफिस. ऑफिसात झेरॉक्सचं मशीन.

"सापडलं का रे?" तो आत आल्यावर लेनर्डनं विचारलं.

"सापडलं."

"एवढा वेळ?"

"तुझ्या गाडीत घाण फार आहे, लेनर्ड."

"मग पुसायची होतीस!" लेनर्ड खदाखदा हसला. त्याच्या हनुवटीवर सॉस ओघळला होता. या माणसाशेजारी बसून आपण सव्वीस नाताळ जेवलो, हे आठवून कॅझिमिरच्या अंगावर काटा आला.

काम संपल्यावर तो एप्रन न काढताच निघाला. घरी जाऊन त्यानं खरी यादी चुलीत घातली आणि नवी लिहिली, नेमकी उलटी. सगळ्यात वर मूस, सगळ्यात खाली हुकस्ट्रा. लिहून झाल्यावर दोनदा साबणानं हात धुतले. पुढच्या शुक्रवारी एप्रन खुंटीला लावून तो हात धुवायला गेला, तो चांगला वीस मिनिटांनी परतला.

शनिवारी दुपारी सगळे चर्चच्या हॉलमध्ये जमले. पहिल्या बेसची फेरी आली. लेनर्ड उठला. कॅझिमिर मनातल्या मनात म्हणाला, घे, घे तो तुझा मूस.

"डॅरेल हुकस्ट्रा," लेनर्ड म्हणाला.

कॅझिमिरनं तोंडाशी नेलेली कॉफी खाली ठेवली.

दुसऱ्यानं कॅझिमिरच्या खऱ्या यादीतला दुसरा घेतला. तिसऱ्यानं तिसरा. जळून राख झालेली यादी त्या अकरा जणांनी त्याच क्रमानं, एकही नाव न चुकता, फळ्यावर उतरवली.

"तुझी पाळी, काझ."

"मूस गँबेटा," तोंडात गेलेली माशी थुंकावी तसं तो म्हणाला.

"बघ!" लेनर्डनं त्याच्या पाठीवर तेलकट थाप मारली. "तुझ्या मनातला माणूस तुलाच राहिला की नाही? आमचं काळीज मोठं आहे बाबा."

हॉल हसला. कॅझिमिर केक न खाता घरी गेला आणि शर्ट धुवायला टाकला.

हुकस्ट्रा वर्षभर अतिशय सुंदर झेल घेत राहिला. मूस थुंकत राहिला आणि चेंडू मैदानाबाहेर भिरकावत राहिला, एकदा नव्हे, अठ्ठेचाळीस वेळा. तो बॅट घेऊन आला की कॅझिमिर टीव्हीकडे पाठ फिरवून बसे आणि नुसते आकडे ऐके. सप्टेंबर संपला तेव्हा कॅझिमिर पहिला होता आणि लेनर्ड तळाला.

दुसऱ्याच दिवशी सकाळी लेनर्ड बेल न वाजवता घरात शिरला आणि टेबलावर ती फाइल आपटली.

"घरच्या माणसाशी असं वागतात, काझ? शरम नाही वाटत?"

"मला शरम?" कॅझिमिर ताडकन उठला. "यादी तू चोरलीस! माझ्या एप्रनमधून! माझ्या अकलेवर विजेता झालास!"

"चोरली! अकरा वर्षं चोरली!" लेनर्डच्या डोळ्यांत खरोखरच पाणी तरळलं. "पण तू ती मनापासून लिहायचास रे! आम्ही बारा नंबरापासून वर वाचत जायचो, आणि एकदासुद्धा फसलो नव्हतो."